केळीच्या टिश्यू कल्चरमधलं कंटॅमिनेशन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं टिश्यू कल्चरने, म्हणजे रोपाचा लहान तुकडा बाटलीत निर्जंतुक अन्नावर वाढवून, केळीची, मुख्यतः ग्रँड नैन म्हणजे जी-९ या जातीची रोपं तयार करणाऱ्या लहान-मध्यम लॅबमधल्या लोकांसाठी आहेत. कंटॅमिनेशन म्हणजे त्या बाटल्यांत बुरशी किंवा जिवाणू वाढणं. बायोटेक शिकणारी मुलं आणि रोपं विकत घेणारे शेतकरीही यातले बरेच प्रश्न विचारतात, म्हणून त्यांचेही घेतले आहेत. ऊस, डाळिंब, बांबू किंवा ऑर्किड करणाऱ्यांनाही बहुतेक उत्तरं लागू पडतील. फक्त एक्सप्लांट (बाटलीत लावायचा रोपाचा तुकडा) घेण्याची पद्धत आणि औषधांचं प्रमाण पिकाप्रमाणे बदलतं.

### कंटॅमिनेशन होतं तरी इतकं का?

कारण आपण रोपासाठी जे अन्न तयार करतो ते बुरशी आणि जिवाणूंनाही तितकंच आवडतं. मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ साली मांडलेल्या एम.एस. माध्यमात (माध्यम किंवा मीडिया म्हणजे रोपाचं हे अन्न) एका लिटरला ३० ग्रॅम साखर असते. त्यात ग्रोथ रूमचं, म्हणजे बाटल्या वाढायला ठेवायच्या खोलीचं, २५ अंश तापमान आणि बंद बाटलीतली दमट हवा. केळीचा कोंब दुप्पट व्हायला आठवडे घेतो, जिवाणू अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होतात. त्यामुळे बाटलीत गेलेला एक बीजाणूही पुरतो.

### किती टक्के कंटॅमिनेशन 'चालतं'?

पहिल्या टप्प्यात, म्हणजे शेतातून आणलेल्या मुनव्यांचं (केळीच्या बुंध्याशी फुटलेल्या पिल्लांचं) इनिशिएशन करताना, वीस-तीस टक्के बाटल्या गेल्या तर कोणी घाबरून जात नाही. माती लागलेला कंद आहे, तेवढं होणार. मल्टिप्लिकेशनमध्ये, म्हणजे कोंबांची संख्या वाढवताना, मात्र तोच आकडा लॅब बंद पाडेल.

हिशोब करून बघा. दर सबकल्चरला (कोंब वेगळे करून ताज्या मीडियावर लावताना) २ टक्के बाटल्या जात असतील तर आठ सबकल्चरनंतर ८५ टक्के माल हातात राहतो. ५ टक्के जात असतील तर ६६ टक्के. १० टक्के जात असतील तर फक्त ४३ टक्के, म्हणजे निम्म्याहून जास्त मेहनत, मीडिया आणि वीज फुकट. ऑर्डर दिलेल्या शेतकऱ्याची लागवडीची तारीखही हुकते. मल्टिप्लिकेशनमध्ये २ टक्क्यांच्या आत राहायचं, हे ध्येय ठेवा. एखाद्या आठवड्यात आकडा ५ च्या वर गेला तर नवीन काम थांबवून आधी कारण शोधा.

### बाटली बघून कारण ओळखता येतं का?

येतं, आणि या पानावरचं सर्वांत महत्त्वाचं उत्तर हेच आहे. बहुतेक लॅबमध्ये खराब बाटली दिसली की ती उचलून थेट टबात जाते. कोणी तिच्याकडे बघत नाही. खरं तर वाढ नेमकी कुठून सुरू झाली, किती दिवसांनी झाली आणि कोणाकोणाच्या बाटल्यांत झाली, या तीन गोष्टी पाहिल्या की बहुतेक वेळा कारण हाती लागतं.

वाढ कोंबाच्या बुडाशीच असेल, कापलेल्या भागाभोवती दुधट वलय किंवा चिकट थर असेल, आणि बाकीचं आगर, म्हणजे गोठलेला मीडिया, स्वच्छ असेल, तर दोष एक्सप्लांटमध्ये आहे. एक तर वरचं निर्जंतुकीकरण अपुरं झालं किंवा जिवाणू ऊतीच्या आतच आहेत.

कोंबापासून लांब, आगरच्या मोकळ्या पृष्ठभागावर एखाद-दुसरा गोल ठिपका असेल तर तो वरून पडलेला आहे. हवा, हात, बाही, बाटलीचा काठ, यांपैकी काहीतरी. असे ठिपके एकाच ऑपरेटरच्या बाटल्यांत दिसत असतील तर काम करण्याची पद्धत बघा. एकाच लॅमिनारवर (गाळलेल्या हवेच्या झोतात काम करायच्या टेबलावर) बसणाऱ्या सगळ्यांच्या बाटल्यांत असतील तर फिल्टर बघा.

आगरच्या आत, खोलवर, सगळीकडे सारख्याच वसाहती असतील तर मीडियाच नीट निर्जंतुक झालेला नाही. याची खातरजमा सोपी आहे : त्याच बॅचच्या, काहीही न लावलेल्या बाटल्या काढून बघा. त्यांतही असेल तर ऑटोक्लेव्हकडे, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राकडे, चला.

तीन-चार आठवडे स्वच्छ असलेल्या बाटलीत झाकणाच्या कडेने बुरशी आत उतरताना दिसली तर ती ग्रोथ रूममधली आहे. झाकण सैल, रॅकवर धूळ, एसीचं पाणी ठिबकतंय, असं काहीतरी. आणि बुरशीचे ठिपके एका ओळीत, वाकड्यातिकड्या वाटेने पडलेले असतील तर कोळी (जाळं विणणारे नव्हेत, अगदी बारीक माइट) फिरतायत. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे, कारण ते संकट निराळ्याच जातीचं आहे.

### बुरशी, जिवाणू आणि यीस्ट यांतला फरक नुसत्या डोळ्यांनी कळतो?

बहुतेक वेळा. धागे, कापसासारखी वाढ, नंतर हिरवी-काळी-राखाडी पूड दिसली की बुरशी : पेनिसिलियम, ॲस्परजिलस, क्लॅडोस्पोरियम ही नेहमीची मंडळी. ओलसर, चमकदार, पांढरट किंवा पिवळसर थर किंवा आगरमध्ये धुरासारखं ढगाळपण असेल तर जिवाणू. यीस्टच्या वसाहती लोण्यासारख्या मऊ आणि उठावदार असतात. गुलाबी-केशरी रंगाची दिसली तर बहुधा ऱ्होडोटोरुला. खात्री हवी असेल तर आधी बाटली ऑटोक्लेव्ह करू नका. थोडा अंश वेगळ्या खोलीत, ट्रान्सफर रूमपासून (कोंब कापून लावायच्या खोलीपासून) लांब, सूक्ष्मदर्शकाखाली बघा.

### ऑटोक्लेव्हवर काटा बरोबर १५ पौंड दाखवतो, तरी मीडिया खराब का होतो?

कारण काटा दाब दाखवतो आणि जंतू मरतात ते तापमानाने. आत शुद्ध वाफ असेल तरच १५ पौंड दाबाला १२१ अंश सेल्सिअस मिळतात. आत हवा अडकून राहिली असेल तर दाब तेवढाच दिसतो पण तापमान कमी राहतं. म्हणून व्हॉल्व्ह उघडा ठेवून आधी वाफेची जोरदार, सलग धार येऊ द्या. फुरफुरत, अडखळत येणारी धार म्हणजे अजून हवा बाहेर पडतेय. धार सलग झाली की मगच व्हॉल्व्ह बंद करा.

दुसरं कारण गच्च भरणं. ऑर्डर मोठी असली की बाटल्या कोंबून भरल्या जातात. मधल्या बाटल्यांपर्यंत वाफ पोहोचत नाही आणि नेमक्या त्याच खराब निघतात. क्रेटमध्ये बोट जाईल एवढी फट ठेवा.

तिसरं कारण वेळ. ५० मिलीच्या बाटलीला २० मिनिटं पुरतात, पण एका लिटरच्या फ्लास्कमधला द्रव मध्यापर्यंत तापायलाच वेळ लागतो. त्याला ३० ते ४० मिनिटं द्या. उगाच तासभरही ठेवू नका. साखर तुटते, मीडियाचा रंग तपकिरी होतो, सामू (पीएच) खाली घसरतो आणि आगर नीट गोठत नाही.

चौथं कारण लोक विसरतात. ऑटोक्लेव्ह उघडल्यावर बाटल्या थंड होताना आतली हवा आक्रसते आणि बाहेरची हवा झाकणाच्या फटीतून आत ओढली जाते. बाटल्या बाहेरच्या पॅसेजमध्ये पंख्याखाली थंड करत असाल तर तुम्ही निर्जंतुक मीडियात स्वतःच्या हाताने धूळ भरताय. त्या स्वच्छ, गाळलेल्या हवेच्या खोलीतच थंड व्हायला हव्यात.

ऑटोक्लेव्हच्या टेपवर काळ्या रेषा उमटल्या म्हणजे काम फत्ते, असंही नाही. टेप फक्त 'हा क्रेट तापला' एवढंच सांगते. खरी परीक्षा जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णता सोसणाऱ्या जिवाणूच्या बीजाणूंची कुपी देते. ती क्रेटच्या मधोमध ठेवून चक्र चालवा आणि मग ५५ ते ६० अंशांना उबवा. रंग बदलला तर बीजाणू जिवंत आहेत. महिन्यातून एकदा तरी हे करा.

### मीडिया बनवला की लगेच वापरावा का?

नाही. किमान तीन दिवस, जमल्यास पाच-सहा दिवस ठेवून मग वापरा. निर्जंतुकीकरणात काही राहून गेलं असेल तर ते तेवढ्यात दिसतं आणि अख्खी बॅच कोंब लावायच्या आधीच बाजूला काढता येते. एवढी स्वस्त विमा पॉलिसी टिश्यू कल्चरमध्ये दुसरी नाही. जागा नाही म्हणून हे टाळणाऱ्या लॅबनी एक रॅक वाढवावा.

### घरी किंवा कॉलेजात प्रेशर कुकरवर काम भागेल का?

शिकण्यापुरतं नक्की भागेल. आपल्याकडच्या नेहमीच्या कुकरचा दाबही साधारण १५ पौंडांच्या आसपासच असतो. तळाशी पाणी आणि जाळी ठेवा, बाटल्या लहान ठेवा, शिट्टी न लावता आधी वाफेची सलग धार येऊ द्या, मग शिट्टी लावून मंद आचेवर २५ मिनिटं. दाब आपोआप उतरू द्या. घाईने शिट्टी उचलली तर मीडिया उकळून झाकणाला लागतो आणि तिथूनच पुढे बुरशी धरते.

### लॅमिनार चालू आहे, मग आतली हवा स्वच्छच असणार ना?

फिल्टर धड असेल आणि हवेचा वेग पुरेसा असेल तर. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे किमान ९९.९७ टक्के कण अडवतो. पण फिल्टरला बारीक भोक असेल किंवा चौकटीचं सील सुटलं असेल तर त्या एका जागेतून येणारी हवा थेट तुमच्या बाटलीवर पडते. हवेचा वेग सेकंदाला साधारण ०.४५ मीटर हवा. प्रीफिल्टर धुळीने चोंदला की हा वेग उतरतो. प्रीफिल्टर ठरलेल्या दिवशी धुवा आणि पूर्ण वाळवून बसवा. ओला बसवलात तर त्याच्यावरच बुरशी येईल. हेपा मात्र कधीही धुवायचा किंवा पुसायचा नाही.

तपासणीची साधी पद्धत : न्यूट्रिअंट आगर आणि पोटॅटो डेक्स्ट्रोज आगर अशा दोन्ही प्लेटा लॅमिनारच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्ये अर्धा तास उघड्या ठेवा, मग झाकून जिवाणूंची प्लेट दोन दिवस आणि बुरशीची पाच दिवस उबवा. लॅमिनारमधल्या प्लेटा कोऱ्या राहायला हव्यात. तुलनेसाठी एक प्लेट ट्रान्सफर रूममध्ये आणि एक बाहेरच्या पॅसेजमध्ये ठेवा. नव्या ऑपरेटरला तासभर समजावून जे पटत नाही ते या तीन जागांच्या प्लेटा शेजारी ठेवल्या की पटतं.

बसण्याची पद्धतही बघा. फिल्टर आणि उघडी बाटली यांच्यामध्ये हात, चिमट्यांचा स्टँड, बाटल्यांची भिंत, काहीही येता कामा नये. काम कडेपासून वीतभर आत करा. कडेवर बाहेरची हवा आत वळते. झाकण काढलं की बाटली थोडी तिरकी धरा, तोंड सरळ छताकडे नको. आणि खोलीतला पंखा बंद.

यूव्ही दिव्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे : असला तर असू द्या, त्याच्यावर विसंबू नका. २५४ नॅनोमीटरचा तो प्रकाश फक्त समोर पडलेल्या पृष्ठभागावर काम करतो, सावलीत काहीच करत नाही, नळीवर धूळ बसली की कमी होतो आणि नळी निळी दिसत राहिली तरी जुनी झाल्यावर तिचा जोर गेलेला असतो. तो चालू असताना समोर बसणं डोळ्यांना आणि कातडीला घातक आहे.

### मध्येच वीज गेली तर?

उघड्या बाटल्या लगेच झाका आणि काम थांबवा. वीज आल्यावर लॅमिनार पंधरा-वीस मिनिटं रिकामा चालू द्या, पृष्ठभाग स्पिरिटने पुन्हा पुसा, हत्यारं पुन्हा तापवा. वीज गेली त्या क्षणी उघड्या असलेल्या बाटल्यांवर खूण करून ठेवा. लोडशेडिंगच्या भागात निदान लॅमिनारचे पंखे तरी इन्व्हर्टरवर घ्या.

### ७० टक्केच स्पिरिट का? शंभर टक्के जास्त चांगलं नाही का?

नाही. जंतूंमधली प्रथिनं बिघडवायला अल्कोहोलबरोबर पाणी लागतं, आणि शुद्ध अल्कोहोल उडूनही लवकर जातं. सत्तर टक्क्यांनीही बीजाणू मरत नाहीत, हे मात्र लक्षात ठेवा.

### चिमटे स्पिरिटमध्येच बुडवून ठेवतो. तेवढं पुरेसं आहे ना?

याच समजामुळे कितीतरी लॅब महिनोन् महिने त्रास काढतात. बॅसिलसचे बीजाणू स्पिरिटमध्ये आरामात जिवंत राहतात. एका खराब कोंबाला लागलेलं ब्लेड स्पिरिटच्या भांड्यात गेलं की ते भांडंच जंतूंचं कोठार होतं आणि पुढच्या प्रत्येक बाटलीत थोडे थोडे वाटत जातं. ग्लास बीड स्टरिलायझर वापरा, २५० अंशांच्या आसपास, हत्याराचं टोक पंधरा-वीस सेकंद मण्यांत. हत्यारांचे किमान दोन संच ठेवा, एक तापत किंवा थंड होत असताना दुसरा हातात. ब्लेडला चिकटलेलं आगर आधी पुसून घ्या, नाहीतर ते जळून मण्यांवर थर धरतं आणि उष्णता पोहोचत नाही. स्पिरिटचं भांडं रोज रिकामं करून धुवा.

ज्योत वापरत असाल तर स्पिरिटचं भांडं तिच्यापासून लांब ठेवा आणि स्पिरिट लावलेले हातमोजे पूर्ण सुकल्याशिवाय ज्योतीजवळ नेऊ नका. लॅबमधल्या भाजण्याच्या बहुतेक घटना इथेच होतात.

### मुनव्याचं निर्जंतुकीकरण कसं करायचं?

सुरुवात बाटलीत होत नाही, शेतात होते. निरोगी, खात्रीच्या मातृझाडाचा तलवारीच्या पात्यासारख्या निमुळत्या पानांचा मुनवा निवडा. पाऊस पडून गेल्यावर, चिखलातून काढलेला नको. शक्य असेल तर मातृझाडं वेगळ्या जाळीघरात ठेवा, पाणी थेट बुंध्याशी ड्रिपने द्या, पानांवर फवारा नको.

आणल्यावर मुळं आणि माती लॅबच्या इमारतीबाहेरच काढा. वाहत्या नळाखाली भरपूर वेळ धुवा. बाहेरची पानांची आवरणं उतरवत आधी मोठा ठोकळा ठेवा, साबणाच्या पाण्यात घोळवा, मग बुरशीनाशकाच्या द्रावणात ठेवा. त्यानंतर लॅमिनारमध्ये सोडियम हायपोक्लोराइट : १ टक्का उपलब्ध क्लोरीन, १०० मिलीला ट्वीन-२० चे एक-दोन थेंब, १५ ते २० मिनिटं, सतत हलवत. ट्वीन नसेल तर द्रावण आवरणांच्या बेचक्यांत शिरत नाही आणि तिथे हवेचा बुडबुडा बसतो. निर्जंतुक पाण्याने तीन-चार वेळा धुवा. मग आणखी दोन आवरणं काढून पुन्हा एकदा, या वेळी सौम्य आणि थोडा वेळ. शेवटी औषधाने पांढरा पडलेला भाग कापून, शेंड्यासह दोन-तीन सेंटिमीटरचा ठोकळा माध्यमावर लावा.

केळीचा काप काळा पडतो तो फिनॉलमुळे. तो जंतुसंसर्ग नव्हे. ॲस्कॉर्बिक आणि सायट्रिक आम्लाच्या द्रावणात काप ठेवला आणि पहिल्या आठवड्यात एक-दोनदा ताज्या माध्यमावर हलवला तर काळेपणा आटोक्यात राहतो.

### मर्क्युरिक क्लोराइड वापरावं का?

०.१ टक्क्याचं द्रावण पाच-दहा मिनिटांत जबरदस्त काम करतं, हे खरं आहे, आणि म्हणूनच अजून अनेक लॅबमध्ये ते सर्रास वापरलं जातं. पण तो पारा आहे. तो बेसिनमध्ये ओतला की नाल्यात, विहिरीत आणि शेवटी माणसात जातो. वापरायचंच असेल तर हातमोजे घाला आणि वापरलेलं द्रावण व धुतलेलं पाणी दोन्ही वेगळ्या कॅनमध्ये साठवून घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत यंत्रणेला द्या. केळीसाठी दोन टप्प्यांचं हायपोक्लोराइट नीट केलं तर पाऱ्याची गरज मला दिसत नाही.

### हायपोक्लोराइट कधी काम करतं, कधी नाही. असं का?

कॅन जुना झालेला असतो. उन्हाळ्यात, प्रकाशात ठेवलेल्या कॅनमधला क्लोरीन उडून जातो. लेबलवर ५ टक्के लिहिलेलं असलं तरी आत दोनच उरलेला असू शकतो. लहान कॅन घ्या, उघडल्याची तारीख लिहा, थंड अंधाऱ्या जागी ठेवा. कॅन खरोखर ५ टक्क्यांचा असेल तर एक लिटर द्रावणासाठी २०० मिली घेतल्यावर १ टक्का मिळतो. द्रावण रोज ताजं करा. आणि त्यात कधीही आम्ल मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

### तीन-चार सबकल्चर स्वच्छ गेली आणि मग अचानक सगळ्या बाटल्यांत जिवाणू. कुठून आले?

ते पहिल्या दिवसापासून आतच होते. केळीच्या कंदात, पानांच्या आवरणांत, ऊतींच्या आत राहणारे जिवाणू असतात. बॅसिलस, एन्टरोबॅक्टर, क्लेबसिएला, पँटोइया, स्यूडोमोनास अशा अनेक जाती केळीतून वेगळ्या केल्या गेल्या आहेत. वरून लावलेलं कोणतंही औषध त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. एम.एस. माध्यमात क्षार जास्त आणि सामू ५.७-५.८. त्यातल्या अनेकांना ते मानवत नाही, म्हणून ते गप्प राहतात. कोंबांची वाढ मात्र मंदावते, गुणाकार घटतो, पानं पिवळट दिसतात. मग कधी तापमान वाढलं, कधी सायटोकायनिन (कोंब फुटवणारं संप्रेरक) बदललं, कधी कोंबाला जखम जास्त झाली की ते बाहेर पडतात. तोपर्यंत एका कोंबाचे शेकडो झालेले असतात आणि त्या सगळ्यांत ते वाटले गेलेले असतात. ऑपरेटरला बोल लावला जातो, लॅमिनारचा फिल्टर बदलला जातो, खर्च होतो, आणि जिवाणू जिथल्या तिथे.

यावर उपाय एकच : इंडेक्सिंग, म्हणजे प्रत्येक कोंबातले लपलेले जिवाणू तपासणं, आणि तेही सुरुवातीलाच. पहिल्या आणि दुसऱ्या सबकल्चरला प्रत्येक कोंबाच्या बुडाचा पातळ काप घ्या आणि तो जिवाणूंना आवडणाऱ्या माध्यमावर घासून तिथेच ठेवा. न्यूट्रिअंट आगर चालतं. ५२३ नावाचं माध्यम त्याहून बरं : लिटरला सुक्रोज १० ग्रॅम, केसीन हायड्रोलायझेट ८, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ४, पोटॅशियम फॉस्फेट २ आणि मॅग्नेशियम सल्फेट ०.१५ ग्रॅम, सामू ६.९. आगर न घालता द्रव स्वरूपातही एक नळी ठेवा, त्यात थोडेसे जिवाणूही गढूळपणाने दिसतात. २८ ते ३० अंशांना, आणि दोन दिवसांत प्लेट फेकू नका. हळू वाढणाऱ्यांसाठी दोन आठवडे थांबा. मूळ मुनव्याला क्रमांक द्या, त्याच्यापासून झालेल्या प्रत्येक बाटलीवर तो क्रमांक शेवटपर्यंत चालवा. ज्या क्रमांकाची प्लेट वाढ दाखवेल ती अख्खी ओळ काढून टाका. जीवावर येतं, पण सुरुवातीला दहा बाटल्या फेकणं आठव्या सबकल्चरला हजारो फेकण्यापेक्षा परवडतं.

### मग मीडियात अँटिबायोटिक घालून टाकावं का?

सरसकट घालण्याला माझा ठाम विरोध आहे. बहुतेक अँटिबायोटिक्स जिवाणूंना दाबतात, संपवत नाहीत. औषध काढलं की दोन-तीन सबकल्चरमध्ये ते परत येतात, आणि या वेळी औषधाला सरावलेले असतात. मधल्या काळात तुम्हाला वाटतं माल स्वच्छ आहे आणि तुम्ही त्याचाच गुणाकार करत राहता.

शिवाय रोपालाही त्रास होतो. हरितलवकातली प्रथिनं बनवणारी यंत्रणा जिवाणूंसारखीच असते, त्यामुळे स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिनसारख्या औषधांनी पानं पांढरी पडतात. त्यातल्या त्यात सेफोटॅक्सिम रोपाला सोसवतं. लिटरला १०० ते ५०० मिलिग्रॅम या पट्ट्यात ते वापरतात. पण ते उष्णतेने खराब होतं, म्हणून ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून, ऑटोक्लेव्हनंतर मीडिया कोमट झाल्यावर घालावं लागतं. कोणतं औषध आणि किती, हे तुमच्या जिवाणूवर चाचणी घेतल्याशिवाय ठरवू नका.

### पीपीएमचं काय?

प्लांट प्रिझर्व्हेटिव्ह मिक्श्चर हे आयसोथायझोलोन गटातलं बायोसाइड, म्हणजे जंतुनाशक रसायन, आहे. ते उष्णतेला टिकतं, मीडियासोबत ऑटोक्लेव्ह होतं, आणि लिटरला अर्धा ते दोन मिली घालतात. हवेतून पडलेले तुरळक बीजाणू ते रोखतं. जास्त झालं तर मुळं फुटायला त्रास होतो. महाग आहे, त्यामुळे इनिशिएशनच्या टप्प्यापुरतं वापरणं मला पटतं.

### ऑपरेटर मुलींसाठी नियम कोणते ठेवावेत?

ट्रान्सफरचं काम बहुतेक ठिकाणी स्त्रियाच करतात आणि लॅबचा आकडा त्यांच्याच हातात असतो, म्हणून नियम सांगताना कारणही सांगा. बांगड्या आणि अंगठ्या काढायच्या, कारण त्यांच्याखाली स्पिरिट पोहोचत नाही. नखं कापलेली. केस पूर्ण टोपीत. मास्क नाकावरून, बोलताना उडणारे कण थेट बाटलीत जातात. सर्दी, खोकला किंवा हातावर जखम असेल त्या दिवशी लॅमिनारवर बसवू नका, लेबलिंग किंवा पॅकिंगचं काम द्या, आणि त्या दिवसाचा पगार कापू नका, नाहीतर कोणी सांगणारच नाही.

आणि गजरा बाहेर ठेवायचा. मोगऱ्याच्या फुलांत फुलकिडे असतात. सकाळी माळलेल्या गजऱ्यातून ते टोपीबाहेर पडतात आणि ट्रान्सफर रूममध्ये पोहोचतात. शेतातून किंवा हार्डनिंग शेडमधून (बाटलीतून काढलेली रोपं बाहेरच्या हवेला सरावायची जागा) आलेल्या माणसाने त्याच दिवशी ग्रोथ रूममध्ये जायचं नाही, निदान अंघोळ आणि कपडे बदलल्याशिवाय नाही. हा नियम मालकांनाही लागू आहे. पाहुण्यांना लॅब दाखवायला घेऊन जाणारे बहुधा तेच असतात.

### कोळी आणि फुलकिडे खरंच बंद बाटलीत शिरतात?

शिरतात. कोळी इतके बारीक असतात की झाकणाच्या आट्यांमधून चालत जातात. ते बुरशी खातात, बीजाणू अंगावर घेऊन एका बाटलीतून दुसरीत जातात, आणि जाईल तिथे ठिपक्यांची वाट सोडतात. एका रॅकवर शेजारच्या बाटल्या एकामागोमाग खराब होत चालल्या की पहिला संशय त्यांचाच घ्या, भिंगाने झाकणाची आतली बाजू बघा.

सापडले तर तो रॅक, शेजारचे रॅक, सगळं न उघडता ऑटोक्लेव्हमध्ये घाला. अर्धवट दया दाखवलीत तर दोन महिन्यांत पूर्ण ग्रोथ रूम जाईल. उरलेल्या बाटल्यांची तोंडं पॅराफिल्म किंवा क्लिंग फिल्मने गुंडाळा, रॅक पुसा, खोली रिकामी करून धुवा. खराब बाटल्या ग्रोथ रूममध्ये 'नंतर काढू' म्हणून ठेवणं हेच त्यांना दिलेलं आमंत्रण असतं. मुंग्यांचंही तसंच, सांडलेला साखरेचा मीडिया लगेच पुसा.

### फॉर्मॅलिनची धुरी द्यावी का?

पूर्वी फॉर्मॅलिन आणि पोटॅशियम परमँगनेटची धुरी सगळीकडे देत. फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक आहे. आता हायड्रोजन पेरॉक्साइड आणि चांदी असलेल्या द्रावणाचं फॉगिंग करा. फॉगिंगच्या आधी खोली पुसून घ्या, धुळीच्या थरावर मारलेलं औषध वाया जातं.

### पावसाळ्यात आकडा का चढतो?

हवेत बीजाणू जास्त, भिंतींना ओल, एसीच्या जाळीवर बुरशी, आणि ओल्या चपला-छत्र्या. खानदेशात जूनपर्यंत कोरडी धूळ असते आणि जुलैत एकदम दमटपणा येतो, तेव्हा हा बदल जास्त जाणवतो. पाऊस सुरू व्हायच्या आधी एसीचे फिल्टर आणि ट्रे धुवून घ्या, भिंतींच्या भेगा बुजवून रंग द्या, खोलीतली आर्द्रता ५०-६० टक्क्यांवर राहील असा डीह्युमिडिफायर लावा. कार्डबोर्डची खोकी आत नकोतच, ओला पुठ्ठा बुरशी धरतो. त्याच इमारतीत अळिंबीचं स्पॉन (बियाणं) बनवत असाल तर ते दुसरीकडे हलवा.

### एकाच मातृझाडाची शेवटची बाटली खराब झाली आहे. वाचवता येईल?

बुरशी असेल तर सोडून द्या. जिवाणू बुडाशी असतील आणि शेंडा स्वच्छ असेल तर प्रयत्न करा : वेगळ्या दिवशी, सगळं काम संपल्यावर, बुडाला हात न लावता वरचा पाच-दहा मिलिमीटरचा शेंडा कापा, सौम्य हायपोक्लोराइटमध्ये काही मिनिटं ठेवा, धुवून ताज्या माध्यमावर लावा. मिळालेल्या प्रत्येक कोंबाचं इंडेक्सिंग लागोपाठ तीन सबकल्चर करा. तोवर तो वेगळ्या रॅकवर.

### बाटली स्वच्छ, म्हणजे रोप रोगमुक्त का?

अजिबात नाही. विषाणू माध्यमावर वाढत नाहीत, त्यामुळे बाटली काचेसारखी लख्ख असते आणि रोपात पर्णगुच्छ (बंची टॉप) हा विषाणूरोग असू शकतो. रावेर-यावलच्या शेतकऱ्यांना 'हरण्या', म्हणजे काकडीवरचा मोझॅक विषाणू, चांगलाच माहीत आहे. मातृझाडालाच रोग असेल तर टिश्यू कल्चर त्याच्या हजारो प्रती काढतं. म्हणून मातृझाडाची एलायझा किंवा पीसीआर चाचणी लॅबमध्ये आणायच्या आधी व्हायला हवी : पर्णगुच्छ, काकडी मोझॅक, स्ट्रीक आणि ब्रॅक्ट मोझॅक, चारही विषाणूंची. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ साली टिश्यू कल्चर रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणन व्यवस्था सुरू केली, तिच्यात रोपांच्या बॅचची विषाणूंसाठी आणि जातीच्या शुद्धतेसाठी चाचणी होते. रोपं घेताना त्या प्रमाणपत्राची आणि बॅच क्रमांकाची मागणी करा. तो तुमचा हक्क आहे.

### टिश्यू कल्चरच्या रोपाला मर रोग येणार नाही ना?

नीट केलेलं रोप मर रोगाची बुरशी (फ्युजॅरियम) सोबत आणत नाही, एवढाच त्याचा अर्थ. जमिनीत फ्युजॅरियम असेल तर तेच रोप तिथे बळी पडेल. जी-९ ज्यात मोडते त्या कॅव्हेंडिश गटाला मारणारी या बुरशीची टीआर-४ ही जात बिहार आणि उत्तर प्रदेशात पोहोचलेली आहे, तेव्हा बाहेरच्या भागातून कंद-मुनवे आणणं टाळा. शेतकऱ्याला रोप विकताना 'रोगप्रतिकारक' हा शब्द वापरू नका, तो खोटा ठरतो.

### हार्डनिंगला नेताना रोपं कुजतात. तेही कंटॅमिनेशनच का?

बहुतेक वेळा मुळांना चिकटून राहिलेलं आगर त्याला कारणीभूत असतं. त्यातली साखर कोकोपीटमधल्या बुरशीला मिळते आणि बुडाशी कुज सुरू होते. बाटलीतून काढल्यावर रोपं कोमट पाण्यात घोळवून आगर पूर्ण धुवा, बुरशीनाशकात बुडवा, कोकोपीट धुतलेलं आणि निचऱ्याचं घ्या. पहिला आठवडा बोगद्यात दमटपणा ८०-९० टक्के हवाच, पण पानांवर पाणी उभं राहू देऊ नका. दुसऱ्या आठवड्यापासून पॉलिथीन रोज थोडं थोडं उघडत जा. ट्रेमध्ये एक रोप बुडाशी तपकिरी, मऊ आणि वासाचं दिसलं तर ते जिवाणूंच्या कंदकुजीचं असू शकतं. ट्रे वेगळा करा, आणि त्या रोपाचा मुनवा क्रमांक शोधून त्याच ओळीच्या लॅबमधल्या बाटल्या त्याच दिवशी इंडेक्सिंगला टाका.